ड्रेसिंगचा क्रम

हाडांच्या वॉर्डात मी एकोणीस वर्षं काढली. त्याआधी बाळंतिणींच्या वॉर्डात होते. तिथून मला हलवलं ते माझ्या तोंडामुळे. एका बाळंतिणीची आत्या शेजारच्या रिकाम्या खाटेवर पाय पसरून झोपली होती. मी तिला म्हणाले, "तुम्हालाही दाखल करून घेऊ का? कुठे दुखतंय सांगा." ती बाई नेमकी आमच्या ट्रस्टींच्या नात्यातली निघाली. आठवड्याभरात माझी बदली झाली. हाडांच्या वॉर्डात तोंड तेच राहिलं, पण इथे त्याचा उपयोग होता. पायाला वजन बांधून पडलेल्या माणसाला भेटायला अख्खी वस्ती जीप करून येते आणि सगळे खाटेवरच बसतात. त्यांना उठवायला माझ्यासारखी बाई लागते.

आमचं हॉस्पिटल संगमनेरात, लहानसं; हाडांचा वॉर्ड बायका-पुरुषांना मिळून एकच. अकोले, राजूर, लोणी, कोपरगाव, कुठकुठून पेशंट यायचे. मोटारसायकलवरून पडलेले, विहिरीच्या कामावर जखमी झालेले, जनावराने ढकललेले. मोडलेल्या हाडाची आम्हाला फारशी भीती नसायची. हाड जोडतं. भीती असायची ती पू होण्याची. हाडावर एकदा स्टीलची पट्टी किंवा आत सळई बसवली आणि तिथे जंतू शिरले की ते त्या धातूला धरून बसतात, औषध तिथवर नीट पोहोचत नाही. त्यातून तो जंतू औषधांना दाद न देणारा असला तर माणूस महिनोन्‌महिने खाटेवर.

म्हणून ड्रेसिंगच्या फेरीचा एक नियम होता. आधी स्वच्छ जखमा, म्हणजे नुकती ऑपरेशनं झालेले. मग थोडं ओलं असलेले. सगळ्यात शेवटी पू असलेले. मला हे ज्या जुन्या इन्चार्ज सिस्टरनी शिकवलं त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं, "देवघर पुसलेल्या फडक्याने मोरी पुसलीस तर चालेल, उलटं नाही." पुढे मीही नवीन मुलींना हेच ऐकवायचे. एखादीने क्रम चुकवला तर तिला सगळ्यांसमोर झापायचे. दोघी-तिघींना मी रडवलंय. हे आज लिहिताना लाज वाटते, कारण क्रम मोडला तो मीच.

झालं असं, की सात नंबरच्या खाटेवर माझे गुरुजी आले.

माझं माहेर पुणतांब्याचं. तिथल्या शाळेत तिसरी-चौथीला ते आम्हाला शिकवायचे. दर सोमवारी सगळ्यांची नखं बघायचे, आणि ज्याची वाढलेली असतील त्याला स्वतः वर्गासमोर बसवून कापून द्यायचे. मारायचे नाहीत. मी नर्सिंगला जाणार म्हटल्यावर घरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती. तेव्हा हे आमच्या ओट्यावर येऊन माझ्या वडिलांशी तासभर बोलले होते. त्यांच्यामुळे मी शिकले, असं म्हटलं तरी चालेल.

ते आता पंचाहत्तरीच्या पुढचे होते. दीड वर्षापूर्वी मांडीचं हाड मोडलं, दुसरीकडे कुठेतरी सळई बसवली, आणि तिथून पू यायला लागला. त्यांनी काय केलं, तर औषधांच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. दोन-तीन दिवस घ्यायच्या, वाहणं थांबलं की बंद. पुन्हा वाहिलं की पुन्हा, कधी त्याच, कधी दुकानदार देईल त्या. उरलेल्या गोळ्या त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या आणि शेजारपाजाऱ्यांनाही त्यातून द्यायचे. मला कौतुकाने सांगत होते, "वाया नाही जाऊ दिली एकही." मी कपाळावर हात मारून घेतला. दुसरा कुणी असता तर मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं. गुरुजींना काय बोलणार?

त्यांच्या पुवाचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी तो मला दाखवला. कुठलं औषध लागू पडेल याची त्यात यादी असते. लागू पडत असेल तर पुढे S, नाही तर R. गुरुजींच्या कागदावर वरपासून खालपर्यंत R ची रांग होती, आणि अगदी तळाशी दोन S. ती दोन इंजेक्शनं जपून द्यावी लागणारी, किडनीवर ताण आणणारी. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, ही खाट सांभाळा." मी म्हणाले, "सर, हे सांगायला लागतं का?" मला तेव्हा माझ्याबद्दल फार खात्री होती.

त्या वासाबद्दल लिहायला हवं. त्याला उपाय नसतो. खिडकी उघडा, फिनेल टाका, तो राहतोच. नव्या माणसाला दारातच कळतो. गुरुजींना भेटायला रोज सकाळी दहाच्या सुमाराला कुणी ना कुणी जुना विद्यार्थी यायचा. पतसंस्थेतला कुणी, ग्रामसेवक, एकदा तर फौजदार. आणि ड्रेसिंगमध्ये शेवटचा नंबर असल्यामुळे गुरुजींची पट्टी बदलेपर्यंत बारा वाजायचे. म्हणजे लोक येणार तेव्हा कालची भिजलेली पट्टी पायावर.

एका सकाळी मी त्यांचं बीपी बघत होते. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "काल तो फौजदार आला होता ना, त्याने रुमाल काढला. घाम पुसल्यासारखं केलं. पण नाकाशीच धरला होता."

मी बीपीचा पट्टा सोडून गुंडाळला.

"पोरी, माझं आधी करून घेशील? ते यायच्या आत?"

एवढंच म्हणाले. या माणसाने जन्मात कधी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, "घेते गुरुजी, त्यात काय."

त्यात काय होतं ते मला पक्कं माहीत होतं. तरी मी मनाशी हिशेब मांडला. ग्लोव्ह्ज बदलीन, हात कोपरापर्यंत धुवीन, अ‍ॅप्रन वेगळा घालीन. आणि तेवढं मी खरंच केलं. तीन दिवस सकाळी साडेनऊला आधी सात नंबर, मग बाकीचे. गुरुजींचा चेहरा खुलला होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे आलेला एक विद्यार्थी अर्धा तास बसला, चक्क चहा पिऊन गेला. मला इतकं बरं वाटलं, की मी त्या माणसाला खाटेवरून उठवलंसुद्धा नाही.

राहिली ती कात्री.

आमच्याकडे प्रत्येक सिस्टरच्या खिशात तिची स्वतःची कात्री असते. जखमेला लागणारं सामान उकळून, बंद डब्यातून येतं, त्यात एक कात्रीही असते. पण ती बारीक असते, बाहेरचं जाड बँडेज तिने कापलं की धार जाते. म्हणून बाहेरचं बँडेज खिशातल्या कात्रीने कापायचं, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, परत खिशात. नियमात हे बसत नाही. सगळ्याजणी करायच्या, मीही करायचे. क्रम सुलटा असेपर्यंत त्याने फारसं बिघडत नव्हतं. पुवाची जखम सगळ्यात शेवटी, मग कात्री औषधाच्या पाण्यात बुडायची ती दुसऱ्या दिवसापर्यंत. क्रम उलटा केला तेव्हा मी हातांचा विचार केला, ग्लोव्ह्जचा केला, अ‍ॅप्रनचा केला. कात्री इतकी अंगवळणी पडलेली होती, की ती मला वेगळी अशी दिसलीच नाही. गुरुजींचं भिजलेलं बँडेज जिने कापलं, तीच कात्री एकदा बोळ्याने पुसून मी दोन नंबरच्या पट्टीखाली सरकवली.

दोन नंबरला एक तिशीतली बाई होती, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतली. डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतरताना घसरली आणि नडगी मोडली. हाडावर स्टीलची पट्टी बसवून चार दिवस झाले होते. टाके सुके, लालीसुद्धा नाही, बघून समाधान वाटावं अशी जखम. आणि बाई मोठी हसरी. माझ्या ओरडण्याला वॉर्डात एकटी तीच घाबरायची नाही. एकदा मी कुणावर तरी कडाडले तर खाटेवरून म्हणते, "शिस्टरबाई, तुमी लग्नात बी नवऱ्याचं नाव असंच वराडून घेतलं हुतं का?" सगळा वॉर्ड हसला. मीही हसले.

तिचा एकच घोर होता. भाताची आवणी. दिवस वैशाखाचे होते. आवणीला अजून सवा-दीड महिना होता. चिखलात दिवसभर वाकून रोपं लावायची, आणि तिच्या हाताला वाडीत जोड नव्हती असं तीच सांगायची. रोज पट्टी बदलताना विचारायची, "आवनीला हुबी ऱ्हाईन ना?" मी म्हणायचे, "उभी राहशील, पण यंदा बांधावर. बसून हुकूम सोड." ती म्हणायची, "मंग तुमालाच नेते, हुकूम सोडायला."

तिची धाकटी बहीण राजूरला दिलेली होती. ती एका संध्याकाळी डबा घेऊन आली. तांदळाची भाकरी आणि बोंबील भाजून केलेली चटणी. वास सगळ्या वॉर्डभर. मी धावत गेले आणि दोघींना दम भरला. ही तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाली, "चार दिस झालं, तुमची पांचट खिचडी खाऊन जीभ मेली माजी." बहीण पदराआड हसत होती. मी खिडकी उघडली आणि दुसरीकडे बघितलं. पोटभर जेवली त्या दिवशी.

त्यानंतर दोन दिवसांनी तिला ताप भरला. पट्टी सोडली तर टाक्यांच्या खालच्या टोकाला लाल, गरम, आणि दाबल्यावर थेंबभर पिवळं. मी तपासणीला पाठवायला तो थेंब घेतला आणि दुसऱ्या सकाळपासून गुरुजींना पुन्हा शेवटी टाकलं. त्यांनी विचारलं, "आज उशीर?" मी म्हणाले, "आता उशीरच होणार गुरुजी." त्यांनी कारण विचारलं नाही. मला त्यांचा राग येत होता. त्यांनी मागितलं होतं, पण दिलं मी होतं, हे समजत असून राग येत होता.

रिपोर्ट आला. तीच R ची रांग. तळाशी तेच दोन S.

मी दोन्ही कागद नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. जंतूचं नाव एकच. आता असंही म्हणता येईल, आणि त्या वेळी मी स्वतःला हेच म्हणत राहिले, की असे जंतू वॉर्डात दहा वाटांनी फिरतात. कुणाच्या हातावरून, चादरीवरून, नळाच्या तोटीवरून, ऑपरेशन थिएटरमधूनही. कात्रीनेच गेलं याचा पुरावा काय? पुरावा नव्हताच. आजही नाही. त्या पुराव्याच्या नसण्यात मी पुढची दोन वर्षं दडून बसले.

डॉक्टरांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. थिएटर बंद ठेवून धुवायचं ठरलं. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ड्रेसिंग क्रमानेच होतायत ना?" त्यांचा प्रश्न संशयाचा नव्हता. माझ्या वॉर्डात असं होणार नाही, हे गृहीत धरून त्यांनी तो नुसता उरकला. मी म्हणाले, "हो सर." माझ्याकडून शिव्या खाल्लेली एक नवीन मुलगी शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिने बघितलेलं होतं. ती कधी बोलली नाही. मला घाबरायची, म्हणून बोलली नाही.

आणि त्याच दुपारी दोन नंबरच्या बाईची सासू भेटली.

सासू वाडीवरून एसटीने आली होती. तिला वॉर्डातल्या बायकांकडून बोंबलाची गोष्ट कळली होती. जखम असताना सुकं खाल्लं की ती चिघळते, असं आमच्या भागात सगळेच मानतात. वांगं नको, आंबट नको, सुकी मासळी तर मुळीच नको. माझी आईही मानायची. सासूने मला व्हरांड्यात गाठलं. सून आत खाटेवर होती, दार उघडं होतं, तिला सगळं ऐकू जात होतं.

"शिस्टरबाई, तुमीच सांगा. हिच्या भनीनं बोंबील चारला म्हनून पू झाला का न्हाई?"

मी नुसतं "डॉक्टरांना विचारा" म्हटलं असतं तरी भागलं असतं. तोंडाची वाफ दवडायचीसुद्धा गरज नव्हती, पुढे चालू लागायचं. हजार माणसांना मी असं झटकलेलं आहे. पण मी थांबले. मान हलवली. आणि वर म्हणाले, "पथ्य पाळायला हवं होतं."

ते वाक्य माझ्या तोंडून किती सहज गेलं! मला त्या क्षणी हायसं वाटलं होतं, हे मी लपवणार नाही. दोष कुणावर तरी जाऊन बसला, माझ्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. आत खाटेवर ती छताकडे बघत पडली होती. तिने माझं ऐकलं होतं, आणि माझ्यावर तिचा विश्वास होता. म्हणून तिनेही मानलं.

त्यापुढचं वर्ष थोडक्यात सांगते, कारण सविस्तर सांगायचं मला धैर्य नाही. जखम थिएटरमध्ये नेऊन तीनदा धुतली. ती जपून द्यायची इंजेक्शनं झाली, त्यांनी तिला उलट्या व्हायच्या, कान बधिर व्हायचे. शेवटी हाडावरची स्टीलची पट्टी काढावी लागली. पायाला बाहेरून सळयांची चौकट लावली, आणि कुजलेला हाडाचा तुकडा काढून टाकला. त्या वर्षीची आवणी गेली, पुढच्या वर्षीचीही. नवरा सुरुवातीला येऊन राहायचा, मग आठवड्याने, मग कधीमधी. सासू मात्र यायची, आणि शेजारच्या खाटेवर नवीन कुणी आलं की तिला बोंबलाची गोष्ट पहिल्यापासून सांगायची. सून ऐकत पडलेली असायची. तिची थट्टा बंद झाली होती. एकदा मी चौकटीच्या सळया पुसत होते तेव्हा म्हणाली, "माज्या जिभेपायी तुमाला बी किती तरास."

मी तिचं खूप केलं. घरून डबा आणायचे, केस विंचरून द्यायचे, सुट्टीच्या दिवशी येऊन बघून जायचे. वॉर्डात म्हणायला लागले, सिस्टर मऊ झाल्या. एका पेशंटच्या मुलाने तर मला देवमाणूस म्हटलं. मी त्याच्यावर उगाच खेकसले. देवमाणूस! मी चोरीच्या पैशांतून अन्नदान करत होते, आणि मला ते पुरतं कळत होतं.

वॉर्डातही मी बदल करून घेतले. खिशातल्या कात्र्या बंद, बाहेरच्या बँडेजसाठीसुद्धा प्रत्येक खाटेला वेगळी उकळलेली कात्री, पुवाच्या पेशंटसाठी कोपऱ्यातली स्वतंत्र खोली. त्यासाठी ट्रस्टींशी भांडले. सगळे म्हणाले, सिस्टरना केवढी तळमळ. का, ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गुरुजी त्याच सुमाराला घरी गेले. पुढच्या उन्हाळ्यात ते वारल्याचं भावाने फोनवर सांगितलं. पायाचा पू शेवटपर्यंत वाहतच होता. मी पुणतांब्याला गेले नाही.

दोन नंबरची बाई घरी गेली तेव्हा तिचा पाय दीड इंच आखूड झाला होता. चपलेला खालून जाड तळ लावून दिला. मला वाटलं, आता महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीला येईल, मग तेही थांबेल, आणि माझं मीच गिळून टाकीन. माणूस स्वतःला किती सवलती देतो त्याला सुमार नाही.

ती शेवटच्या तपासणीला आली तेव्हा पहिली आवणी हुकल्याला दोन वर्षं होऊन गेली होती. एकटीच आली होती. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून हाड पक्कं झाल्याचं सांगितलं, यापुढे यायची गरज नाही म्हणाले. ती वॉर्डात मला भेटायला आली. ड्रेसिंगच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली, पिशवीतून तांदळाची पुरचुंडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. घरचे, हातसडीचे. म्हणाली, यंदा थोडी आवणी केली, बसत उठत.

"पोरं कशी आहेत?" मी विचारलं.

"बरी हायीत. धाकटीचा गुडघा फुटला मागल्या म्हैन्यात. सासूनं तिला म्हैनाभर भात न् मीठच दिलं. बोंबील तर आमच्यात घराच्या आत येत न्हाई आता. बाजारात बी मी त्या अंगाला जात न्हाई."

"आणि बहीण?"

मी सहज विचारलं होतं. ती पिशवीची गाठ सोडबांध करत राहिली.

"तिला बंद केलंया घर. सासू म्हनली, हिनं चारलं, हिच्यापायी पाय गेला. मला बी तेच वाटलं हुतं तवा. लई बोलले मी तिला, हितंच, त्या खाटंवरून. तवापासनं न्हाई बोललो. तिला पोरगा झाला गेल्या साली. बारश्याचा निरोप आल्ता. गेले न्हाई."

मग हसून म्हणाली, "तुमी म्हनला हुता ना, पथ्य पाळायला पायजे हुतं. न्हाई पाळलं. भोगलं."

मी पुरचुंडी मांडीवरून उचलून बाकावर ठेवली. ती मला धरवेना. दोन वर्षं मी तिच्या आखूड पायाचा विचार करत होते. पायाची जबाबदारी मी अंधारात का होईना घेतली होती. त्या बहिणीचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. तिला मी विसरूनच गेले होते.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. वाक्यं धड लागत नव्हती. सात नंबरचे गुरुजी, त्यांनी काय मागितलं, मी क्रम कसा उलटा केला, कात्री. रिपोर्टचे ते दोन कागद. "बोंबलाने पू होत नाही," मी म्हणाले. "मला तेव्हाही माहीत होतं. सासूबाईंनी विचारलं तेव्हाही माहीत होतं."

ती माझ्या हातांकडे बघत होती. व्हरांड्यातून स्ट्रेचर गेलं, आम्ही दोघींनी पाय आत घेतले. तिने आपला आखूड पाय हाताने उचलून घेतला.

"त्या म्हाताऱ्या बाबाला मी रोज बघायची," ती म्हणाली. "लई वास यायचा त्यांचा. तुमी त्यांचं आदी केलं, ते बरं केलं. कात्रीचं ऱ्हायलं, कामाच्या गडबडीत ऱ्हातंय. त्ये मी समजंन."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"पन शिस्टरबाई, तुमी मान का हलवली?"

घाबरले, एवढंच उत्तर होतं, आणि ते तिच्यासमोर बसून बोलण्याइतकं मोठं नव्हतं. मी रडले नाही. रडायचा हक्क तिचा होता, आणि तीही रडत नव्हती.

तिने कनवटीच्या पिशवीतून मोबाईल काढला. जुना, बटणांचा. बहिणीचा नंबर तिला पाठ होता. दोन वर्षांत एकदाही लावला नसेल, पण पाठ होता. बटणं दाबली आणि फोन माझ्यापुढे धरला.

"मला न्हाई बोलता यायचं. तुमी सांगा तिला. मंग सासूला सांगायला बी वाडीवर यायचं तुमी. समद्यांम्होरं."

"येईन," मी म्हणाले. पुढे गेलेही, आणि डॉक्टरांनाही सांगितलं, त्याचं जे व्हायचं ते झालं. पण त्या दुपारइतकं जड मला नंतर काही गेलं नाही.

तिकडे रिंग वाजत होती. मग उचलला, आणि मी काही बोलायच्या आत पलीकडून धापा टाकत आवाज आला, "आक्का? आक्का, तूच हाईस ना? बोल की."

"मी आक्का नाही," मी म्हणाले. "मी हॉस्पिटलमधली सिस्टर." आणि सगळं सांगितलं, या वेळी सरळ, न अडखळता. तुमच्या डब्याने काही झालं नाही. माझ्या कात्रीने झालं असणार. तुमचा काही दोष नव्हता, मी खोटं बोलले.

पलीकडे लहान मूल रडत होतं. ती त्याला गप्प करत नव्हती. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि मी त्या ऐकायला तयार होते.

"आक्काला येक सांगता का," ती म्हणाली. "म्हनावं, तवापासनं मी बी कदी कुनाला हातानं जेवाया घातलं न्हाई. पोराला बी माजी सासूच भरवती. मला भ्या वाटतं."

बहीण फोनवर वाट बघत होती. समोर बाकावर तिची आक्का माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि हा निरोप आता मीच तिला द्यायचा होता.